शहापूरचा हुकूमनामा आणि राजाच्या पदरचा न्यायाधीश

बेळगावात रंग दोनदा खेळला जातो. शहरात धुळवडीला, आणि कपिलेश्वरचा पूल उतरून शहापुरात शिरलं की रंगपंचमीला. नव्यानं बदली होऊन आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. गल्लीतली जुनी माणसं मात्र एका वाक्यात विषय मिटवतात, "शहापूर सांगलीकरांचं होतं की!"

होतं, हे खरं. स्वातंत्र्य मिळेपर्यंत बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि त्याला लागून असलेलं, साड्यांच्या मागांचं आणि सराफीचं शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात. दोन राज्यं, दोन पोलीस, दोन कोर्टं. सणाची तारीख तेवढी मागे उरली, बाकीचं आपण विसरलो.

परवा ते आठवायची वेळ आली. शहापुरातल्या एका स्नेह्यांच्या घरी वाटणीचं भांडण चालू आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तळाशी घडी घातलेला एक कागद निघाला. सांगली संस्थानच्या कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या शेवटी कोर्ट देतं तो आदेश. आजोबांच्या काळातला. मधली भिंत कोणाची, यावरचा. धाकट्या भावानं लगेच विचारलं, "ज्या राजाच्या नावानं हा निघाला तो राजाच आता नाही. मग हा कागद रद्दीच ना?"

आणखी एक प्रश्न आमच्याकडे कट्ट्यावर नेहमी येतो. महाराष्ट्रानं २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात घातला. त्यात प्रतिवादी कर्नाटक आहे, आणि केंद्र सरकारही आहे. तेव्हा लोक म्हणतात, "न्यायाधीशांच्या नेमणुकीवर सही दिल्लीची, पगार सरकारचा. ते सरकारच्या विरुद्ध काय बोलणार?"

माझ्या मते दोन्ही प्रश्न एकच आहेत. राजा ज्याला नेमतो आणि पोसतो, तो न्यायाधीश नक्की कोणाचा माणूस? हा प्रश्न हजारएक वर्षं जुना आहे, आणि त्याची उत्तरं आपल्या याच मुलखात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी मिळाली आहेत.

## राजा होता, मग न्यायाधीश कशाला?

जुन्या समजुतीप्रमाणे न्याय करणं हे राजाचंच काम. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की राजानं जाणकारांना बरोबर घेऊन स्वतः तंटे पाहावेत, आणि कामाच्या गर्दीत जमत नसेल तर सगळे धर्म जाणणारा माणूस त्या जागी नेमावा. या माणसाला 'प्राड्विवाक' म्हणत. विचारणारा आणि विचार करून सांगणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. म्हणजे मूळ कल्पनेत न्यायाधीश हा राजाचा बदली कामगार. दुकान मालकाचं, गल्ल्यावर बसलेला दुसरा.

याच स्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकातच. आजही बेळगावच्या कोर्टात एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा दावा उभा राहिला की वकिलाच्या तोंडी मिताक्षरा येतेच. मराठी-कानडी वादात हे नाव कोणाच्या बाजूला टाकायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

## शिवाजी महाराजांचा न्यायाधीश काय करायचा?

१६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत एक जागा न्यायाधीशाची होती. निराजी रावजी त्या जागेवर होते. आठांपैकी न्यायाधीश आणि पंडितराव या दोघांनाच लढाईवर जाण्याचं बंधन नव्हतं. हा तपशील शाळेत आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून बघा. बाकीचे प्रधान तलवार घेऊन मोहिमेवर जाणार, न्यायाधीश मागे राहणार. फौज चालवणारा आणि निवाडा करणारा वेगळा ठेवायचा, याची ही सुरुवात म्हणता येईल. मी मात्र तिला सुरुवातच म्हणेन, त्याहून मोठं नाव देणार नाही. कारण न्यायाधीश प्रधानमंडळातच बसत होता आणि राजाच्या मर्जीवरच होता.

शिवाय गावचे बहुतेक तंटे त्याच्यापर्यंत पोचतच नसत. पाटीलकी कोणाची, शेताची शीव कुठे, मानपान पहिला कोणाचा, हे गोतसभेत मिटायचं. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार बसायचे, दोन्ही बाजूंच्या तकरिरी म्हणजे जबान्या लिहून घ्यायचे आणि निकालाचा महजर करायचे. आदिलशाहीत या कागदांवर काजीचा शिक्का पडायचा. तोही राजानं नेमलेला न्यायाधीशच. जिंकलेल्यानं सरकारात हरकी भरायची, हरलेल्यानं गुन्हेगारी. जिंकलो म्हणून पैसे आणि हरलो म्हणूनही पैसे. कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण कुठून आली असेल, याचा अंदाज येतो.

एक गंमत सांगायची तर, 'राजीनामा' हा शब्दही या कागदांतला. पंचांचा निकाल आम्ही राजीखुशीनं मान्य करू, असं दोन्ही पक्ष आधी लिहून द्यायचे, तो राजीनामा. आज आपण नोकरी सोडतानाच तो देतो.

## पगार राजाचा, मग निकाल कोणाचा?

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला ही अडचण माहीत आहे. बॅट ज्याची, त्यानंच अंपायर उभा केलेला. आता बॅटवाल्याला आउट कोण देणार? दिलं तर तो बॅट घेऊन घरी जाणार.

मराठीत या प्रसंगाला एकच नाव आहे, रामशास्त्री प्रभुणे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशव्यांचे न्यायाधीश. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते राघोबादादा गादीवर आले. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोष राघोबांवरच ठेवला. ज्याच्या हातून पगार घ्यायचा त्यालाच खुनी ठरवलं आणि पुणं सोडलं. 'ध' चा 'मा' आणि देहान्त प्रायश्चित्त या गोष्टी आपण इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्या पुन्हा सांगत नाही.

सहसा न सांगितली जाणारी बाजू वेगळी आहे. त्या निकालाची अंमलबजावणी झाली नाही. राघोबांना कोणी अटक केली नाही. त्यांची गादी गेली ती बारभाईंच्या राजकारणानं. रामशास्त्र्यांजवळ धैर्य होतं, पण त्यांच्यामागे उभी राहील अशी व्यवस्था नव्हती. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता आणि गप्प बसला असता, तर त्याला जाब विचारणारंही कोणी नव्हतं. पुढे नाना फडणवीसांच्या काळात ते पुन्हा न्यायाधीश झाले. पण एका माणसाच्या पाठीच्या कण्यावर न्याय उभा ठेवायचा, ही काही राज्य चालवायची रीत नव्हे.

इंग्लंडात दीडेकशे वर्षं आधी जवळपास हाच खेळ झाला होता. पहिल्या जेम्स राजाला स्वतः खटले चालवायची हौस आली. सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्याला सांगितलं की न्याय तुमच्या नावानं होतो हे खरं, पण कायदा हे शिकून येणारं काम आहे, नुसत्या बुद्धीनं जमणारं नव्हे. राजा भडकला. १६१६ साली कोकना पदावरून काढलं. इथवर गोष्ट रामशास्त्र्यांसारखीच. फरक पुढे पडला. १७०१ साली तिथल्या संसदेनं कायदाच केला की न्यायाधीशाची वागणूक नीट आहे तोवर राजाला त्याला काढता येणार नाही. अंपायर उभा करायचा हक्क बॅटवाल्याकडे राहिला, हाकलायचा हक्क काढून घेतला.

तेव्हा राजाचा न्यायाधीश कोणाचा माणूस, हे तपासायचं असेल तर तो शपथ कोणाच्या नावानं घेतो ते बघू नका. त्याला काढू कोण शकतं ते बघा.

## "पण इंग्रजांचे न्यायाधीश तरी कुठे निःपक्ष होते?"

हा आक्षेप बेळगावात तर यायलाच हवा. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा कागदावर फिर्यादी होती महाराणी. 'राणी-सम्राज्ञी विरुद्ध बाळ गंगाधर टिळक' असं खटल्याचं नाव. १९०८ च्या खटल्यात राणीच्या जागी बादशहा आला. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. फिर्यादी बादशहा, न्यायाधीश बादशहाचा, तुरुंगही बादशहाचा. यात न्याय कसला?

पण पुढचं पान उलटा, कारण ते आपल्या गावचं आहे. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली आणि १ मे रोजी इथेच भाषण केलं. नंतर अहमदनगरला दोन भाषणं झाली. सरकारनं या तीन भाषणांवर बोट ठेवलं. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं वर्षभर नीट वागण्याच्या हमीदाखल २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि १०,०००चे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, टिळकांच्या बाजूनं जिना उभे राहिले. नोव्हेंबर १९१६ मध्ये न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला.

म्हणजे बेळगावात केलेल्या भाषणाबद्दल बादशहाच्या न्यायाधीशांनी बादशहाच्या सरकारला चूक ठरवलं. साम्राज्य उदार होतं असं यावरून कोणी म्हणू नये. १९०८ विसरता येत नाही. पण बादशहाच्याच नावानं चालणाऱ्या एकाच हायकोर्टातून दोन उलटे निकाल निघू शकले, कारण नाव राजाचं असलं तरी वाचायला एक लिहिलेला कायदा होता आणि वाद घालायला वकील होता. त्या कायद्याचा अर्थ कोणता न्यायाधीश कसा लावेल, एवढीच फट. कधीकधी त्या फटीतून माणूस निसटायचा.

## संस्थानात कोर्ट कसं चालायचं?

आता ट्रंकेतल्या कागदाकडे येऊ. आजच्या बेळगाव जिल्ह्याचा संस्थानकाळातला नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी. शहापूर सांगलीचं. रायबाग कोल्हापूरचं. रामदुर्ग स्वतःच एक संस्थान. कुरुंदवाडकरांची गावं मधेमधे विखुरलेली. बाकीचा मुलूख थेट इंग्रजांचा, आणि त्याचा वेगळा बेळगाव जिल्हा झाला तो १८३६ साली धारवाडातून काढून.

संस्थान म्हणजे इंग्रजांशी तह करून आपला कारभार आपण ठेवलेलं राज्य. सांगलीचा तह १८१९ चा. इंग्रजांचा पोलिटिकल एजंट डोक्यावर असायचा, पण रोजचं कोर्ट राजाचं. खाली मुन्सफ, वर न्यायाधीश, आणि सगळ्यात वर 'हुजूर', म्हणजे खुद्द राजा. कोल्हापुरात वरच्या न्यायाधीशाला सरन्यायाधीश म्हणत. त्यातला 'सर' फारसी, सरनोबत आणि सरदेशमुखमधला, म्हणजे प्रमुख. आज मराठी वर्तमानपत्रं दिल्लीच्या मुख्य न्यायाधीशांना सरन्यायाधीश लिहितात, तेव्हा नकळत संस्थानी कारभाराचीच बोली बोलतात.

ही जागा साधी नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तरुणपणी काही काळ कोल्हापुरात न्यायाधीश होते. शिकलेला, इंग्रजी कायदा वाचलेला माणूस बाहेरून आणायचा आणि त्याच्याकडून घरचं कोर्ट नव्या पद्धतीनं बसवून घ्यायचं, असा त्या काळचा प्रघात. अशा माणसाला दोन धनी. एक समोर बसलेला राजा, ज्याच्या नावानं निकाल द्यायचा. दुसरा एजंट, ज्याच्या डोळ्यांत कारभार नीट दिसला पाहिजे. राजाचा आप्त आरोपी असेल तर राजा रागावणार. सोडून दिला तर एजंट वर अहवाल धाडणार. नोकरीची तारेवरची कसरत म्हणतात ती हीच.

अधिकारही मोजूनमापून दिलेला. सांगलीचे अधिपती पहिल्या दर्जाचे सरदार, त्यामुळे फाशीची शिक्षा होऊ शकेल असे खटलेही त्यांना चालवता यायचे. पण आरोपी ब्रिटिश प्रजाजन असला की तिथं हात आखडता. आता विचार करा, बेळगावातला माणूस बाजाराला म्हणून शहापुरात गेला आणि हातून खून झाला. त्याच गल्लीत, त्याच गुन्ह्याला, शहापूरकराला एक वाट आणि बेळगावकराला दुसरी.

## शहापूरचा निकाल बेळगावात चालायचा का?

इथं वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावतात. ब्रिटिश हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्याच्या दृष्टीनं शहापूरचं कोर्ट 'परदेशी कोर्ट' होतं. पलीकडच्या गल्लीतलं, पण परदेशी.

मुलाला बेळगावच्या शाळेतून काढून कोल्हापुरात घातलेल्या पालकांना हे लगेच कळेल. शाळा सोडल्याचा दाखला खरा असतो, शिक्का खरा असतो, तरी राज्य बदललं की शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. हुकूमनाम्याचंही तसंच. शहापूरच्या सावकारानं तिथल्या कोर्टात दावा जिंकला आणि ऋणको बेळगावात राहायला गेला, तर वसुलीची दरखास्त, म्हणजे निकाल अंमलात आणायचा अर्ज, सरळ बेळगावात लागू होईलच असं नव्हतं. त्या संस्थानाच्या कोर्टाचे हुकूमनामे इथं चालतील अशी अधिसूचना सरकारनं काढलेली असावी लागे. नसेल तर त्या निकालाच्या आधारावर नवा दावा घाला.

आणि ऋणको मुळात कधी त्या कोर्टापुढे आलाच नसेल, तर? हा पेच स्वातंत्र्यानंतरही सुटला नव्हता. ग्वाल्हेरच्या कोर्टात १९४७ साली एक दावा झाला, प्रतिवादी उत्तर प्रदेशातले. ते हजर राहिले नाहीत आणि १९४८ मध्ये एकतर्फी निकाल लागला. वसुली अलाहाबादला न्यायची होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की निकाल दिला त्या दिवशी ग्वाल्हेरचं कोर्ट परदेशीच होतं, आणि जे त्याच्या हद्दीत नव्हते आणि त्याच्यापुढे आलेही नाहीत त्यांच्यावर तो निकाल तिथं बजावता येत नाही. देश एक झाला म्हणून जुना निकाल मागे जाऊन देशी होत नाही.

## लंडनला अपील?

बेळगावकराला होतं. जिल्हा कोर्ट, मुंबई हायकोर्ट आणि शेवटी लंडनची प्रिव्ही कौन्सिल. तिथले न्यायाधीश निकालाला निकाल म्हणतच नसत. 'महाराजांना आम्ही नम्रपणे असा सल्ला देतो' अशा अर्थाचा शेवट करायचे आणि मग राजाच्या नावानं हुकूम निघायचा. राजा तो सल्ला कधी मोडत नसे. नाव राजाचं, मत न्यायाधीशाचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. राजाला दोन तोंडांनी सल्ला द्यायचा नाही म्हणून न्यायाधीशांत मतभेद असले तरी तेही बाहेर पडत नसत.

शहापूरकराला मात्र ही वाट बंद. संस्थान हा ब्रिटिश मुलूखच नव्हे, मग बादशहाकडे अपील कसलं? त्याची धाव हुजुरापर्यंत. आणि हुजुराविरुद्धच तक्रार असेल तर ब्रिटिश कोर्टात राजावर दावा लावायला सरकारची संमती लागायची. बॅटवाला आउट होतो की नाही, या प्रश्नाचं संस्थानातलं उत्तर हे असं होतं: परवानगी आणा, मग बघू.

भारतातून प्रिव्ही कौन्सिलला जाणारी अपिलं १९४९ साली बंद झाली.

## राजा गेला, निकालाचं काय झालं?

८ मार्च १९४८ रोजी सांगली मुंबई प्रांतात विलीन झालं. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. कोल्हापूरला स्वतःचं हायकोर्ट होतं, तेही गेलं. तिथल्या लोकांना पुढे हायकोर्टातल्या प्रत्येक अपिलासाठी मुंबई गाठावी लागली, ती थेट १८ ऑगस्ट २०२५ पर्यंत. त्या दिवशी कोल्हापुरात सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचं तिथं बसणारं खंडपीठ, सुरू झालं. तेव्हा टीव्हीवर लोक फटाके उडवताना दिसले, त्यामागे इतकी जुनी चुटपुट होती. आमच्या बाजूला हा प्रवास आणखी वळणाचा. १९५६ पर्यंत मुंबई, मग बेंगळुरू, आणि २००८ पासून धारवाडचं खंडपीठ.

कोर्टं गेली, पण निकाल गेले नाहीत. राज्य बदललं की आधीच्या राज्यातले खरेदीखत, लग्न आणि वाटण्या पुसल्या जात नाहीत. नाहीतर दर सत्तांतराला सगळ्या गावानं पुन्हा भांडावं लागेल. हे तत्त्वही जुनंच आहे. धर्मशास्त्रात प्रतिवादीनं द्यायची उत्तरं चार प्रकारची सांगितली आहेत, त्यांतलं एक 'प्राङ्न्याय'. म्हणजे, 'याचा निवाडा आधीच झाला आहे, पुन्हा काय उकरता?' आजचे वकील त्याच अर्थाचा लॅटिन शब्द वापरतात आणि जास्त फी घेतात.

फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. निकालाची दरखास्त लावायला साधारणपणे १२ वर्षांची मुदत असते. आजोबांच्या काळच्या हुकूमनाम्यावर आज बेलिफ पाठवून कोणाला घराबाहेर काढता येणार नाही. पण भिंत कोणाची हे त्या कोर्टानं त्याच कुटुंबांत ठरवून टाकलं असेल, तर पुरावा म्हणून तो कागद जिवंत असू शकतो. आणि शहापूरचं घर, शहापूरचेच दोन्ही पक्ष, शहापूरचंच कोर्ट, तेव्हा ग्वाल्हेरसारखी परक्या कोर्टाची अडचण इथं येत नाही. धाकट्याला मी एवढंच म्हटलं, रद्दीत टाकू नकोस.

## मग आजचा न्यायाधीश कोणाचा?

आता कट्ट्यावरचा प्रश्न. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींच्या सही-शिक्क्यानं होते. हे थेट राजेशाहीतून आलेलं आहे. फाशी माफ करण्याचा राष्ट्रपतींचा अधिकार हाही राजाच्या दयेचाच नातू. वरवर पाहिलं तर बॅटवाल्यानं अंपायर नेमलेला.

पण काढायचं कसं ते बघा. संसदेच्या दोन्ही सभागृहांत, प्रत्येकी एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश बहुमत, तेही गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार संसदेच्या मतदानाला टाकला जात नाही, त्यामुळे निकाल आवडला नाही म्हणून तो छाटता येत नाही. शपथ घेतली जाते ती संविधानाची. आणि बॅटवाला स्वतः आउट होतो का? अनुच्छेद १३१ खाली राज्य राज्यावर आणि राज्य केंद्रावर दावा लावू शकतं, कोणाची परवानगी न घेता. महाराष्ट्राचा दावा त्याच वाटेनं गेलेला आहे. संस्थानी रयतेला आपल्या राजाविरुद्ध हे कधी मिळालं नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, निवृत्तीनंतरच्या नेमणुकांचं काय, बदल्यांचं काय? रास्त आहे. काढता येत नाही म्हणून मोह दाखवता येत नाही असं नव्हे, आणि हे छिद्र संविधानानं पुरतं बुजवलेलं नाही. कोक आणि रामशास्त्री यांच्यापुढे परीक्षा होती ती भीतीची. आजच्या न्यायाधीशाला भीतीपेक्षा आमिषाची परीक्षा मोठी असावी, असं माझं मत. पण सीमाप्रश्नाचा दावा वीसहून अधिक वर्षं रेंगाळला आहे त्याचं कारण 'न्यायाधीश सरकारचा माणूस' एवढ्यावर ढकलणं मला पटत नाही. हा दावा ऐकण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे की हद्दी ठरवणं हे फक्त संसदेचं काम, इथूनच वाद आहे. कर्नाटकाचं म्हणणं दुसरं, महाराष्ट्राचं पहिलं. म्हणजे आउट की नाबाद हे पुढचं, आधी हा चेंडू अंपायरच्या हद्दीत पडला का, यावरच अडलंय.

तो ट्रंकेतला कागद सध्या वकिलांकडे आहे. मजकूर मराठी, मधल्या चार ओळी मोडीत. त्या वाचून देणारे एक निवृत्त मास्तर टिळकवाडीत सापडले. कोर्टात दाखल करायचा तर आता त्याचं कानडी भाषांतर जोडायला सांगितलंय. थोरले आणि धाकटे दोघे मिळून भाषांतराचा खर्च निम्मानिम्मा देणार आहेत. भिंतीवरून भांडण लागल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.